जगत्तुंग समुद्र



सुटी लागली म्हणजे नांदेड-लातूरकडील पुष्कळ कुटुंबें समुद्र पाहावयास निघतात. वाळूचा किनारा, माडांची सावली आणि फारसा गलबला नसलेलें एखादें खेडें, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ही हौस योग्यच आहे. परंतु ज्या प्रदेशांतून तीं निघतात, त्या प्रदेशाचेंही समुद्राशीं एक जुनें नातें आहे. तें आज आपण पाहूं.

राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, असें इतिहासकार मानतात. राजधानी पुढें मान्यखेटास, म्हणजे मालखेडास गेली. तरी मूळ गांवाचें नांव त्यांनीं बिरुदांत जपलें.

या राजांची सत्ता कोंकणच्या किनाऱ्यापर्यंत होती. अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हां तें बंदर त्यांच्याच मुलखांत होतें. चिंचणी येथें सांपडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट त्याहून बोलका आहे. संजाण प्रांताचा कारभार तेव्हां मुहंमद नांवाचा अरब अधिकारी पाही. संस्कृतांत त्याचें नांव 'मधुमती' असें झालें आहे. त्यानें नद्यांवर फुकट तरी चालविली व अन्नछत्र घातलें, असें तो लेख सांगतो. आज चौल नारळीपोफळींच्या बागांत विसांवलें आहे आणि चिंचणीच्या वाळूवर सुटीचे लोक फिरतात. तेथें उभ्या राहणाऱ्या लातूरकरानें एवढें आठवावें कीं, आपल्याच गांवचें नांव मिरविणाऱ्या राजांची आण येथें चालत असे.

आतां दुसरा समुद्र. तो नांदेड जिल्ह्यांत, मन्याड नदीच्या परिसरांत, कंधारास आहे. तिसऱ्या कृष्णाच्या (इ. स. ९३९ ते ९६७) काळांतील कंधारच्या शिलालेखांत जगत्तुंग समुद्राचा उल्लेख येतो. हा समुद्र म्हणजे तलाव. जगत्तुंग हें तिसऱ्या गोविंदाचें बिरुद, आणि कृष्णाच्या आजोबांचेंही नांव. मोठ्या तलावास समुद्र म्हणण्याची दक्षिणेंत जुनी चाल आहे. आणि ती निव्वळ अतिशयोक्ति नव्हे. या देशीं पाऊस चार महिन्यांचा. काळ्या खडकांत पाणी फारसें मुरत नाहीं. ओढ्यानाल्यांनीं धांवत तें नदीस मिळतें. बांध घालून तें अडविलें, तरच उरलेले आठ महिने गांव जगतें. म्हणून तलाव बांधणें हें देऊळ बांधण्याइतकेंच पुण्याचें काम मानीत. कंधारचा भुईकोट किल्लाही खंदकानें वेढलेला आहे. १६३१ सालीं शहाजहानच्या फौजेनें तो घेतला. पुढेंही त्यावरचीं निशाणें बदलत गेलीं. तलावाचें नांव मात्र टिकलें.

सन २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या फेरींत सुमारें ५ लक्ष लिटर आलें. ज्या नगराचें नांव सम्राट बिरुदांत घालीत, त्याच नगरांत लोक घागरी घेऊन रांगेंत उभे राहिले. अवर्षण जुन्या काळींही होतेंच. त्यावरील उपायही तेव्हांच्या लोकांना ठाऊक होता, याची साक्ष कंधारास आहे.

तेव्हां किनाऱ्यावर अवश्य जावें. मात्र जाण्यापूर्वीं एक दिवस मुलांना कंधारास न्यावें आणि तळ्याच्या कांठीं उभें करून सांगावें कीं, हाही समुद्रच आहे; देवानें दिलेला नव्हे, आपल्या पूर्वजांनीं केलेला.