भिंतीवरच्या बायका

मला जुन्या पिन-अप चित्रांचं वेड आहे. हे वाचून मावशी आणि आत्या दचकतील, म्हणून आधीच सांगते, घाबरण्यासारखं काही नाही! टाचणीने भिंतीवर लावायचं चित्र ते पिन-अप, इतका साधा अर्थ. अमेरिकेत साधारण १९४० ते १९५५ या काळात या चित्रांना बहर आला होता. लालचुटूक ओठ, छान बसवलेले कुरळे केस, उंच कमरेचा स्विमसूट, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू आपलीच काहीतरी चोरी तिने पकडली आहे. आजच्या जाहिरातींतल्या रुसलेल्या, उपाशी चेहऱ्यांपेक्षा मला या बायका कितीतरी आवडतात.

पण माझी भाची भारी चौकस. तिने एकदा विचारलं, "मावशी, पण या सगळ्यातून त्या बायकांना काय मिळालं गं?" प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. तेव्हापासून मी चित्रं कमी बघते आणि चित्रांमागच्या गोष्टी जास्त वाचते.

सगळ्यात गाजलेलं चित्र बेटी ग्रेबलचं. १९४३ साली फ्रँक पॉवोल्नीने काढलेला हा फोटो. पाठमोरी उभी, खांद्यावरून मागे वळून हसणारी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांनी त्याच्या लाखो प्रती जवळ बाळगल्या. ग्रेबलबाईंचं तसं बरं चाललं. त्या काळात हॉलिवूडमधल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या नट्यांत त्या होत्या.

रिटा हेवर्थची गोष्ट मात्र वेगळी. १९४१ साली 'लाइफ' साप्ताहिकात तिचा पलंगावर गुडघे टेकून बसलेला फोटो आला आणि तीही घरोघर पोचली. पुढे १९४६ मध्ये 'गिल्डा' आला. त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेने बिकिनी बेटांवर अणुबॉम्बची चाचणी केली. त्या बॉम्बवर कुणीतरी 'गिल्डा' असं नाव लिहिलं आणि रिटाचं चित्र चिकटवलं! तेव्हाचे तिचे पती ऑर्सन वेल्स यांनी पुढे सांगितलं की ती संतापाने वेडी झाली होती. तिला वॉशिंग्टनला जाऊन पत्रकारांसमोर निषेध करायचा होता. स्टुडिओचा मालक हॅरी कोहन, त्याने जाऊ दिलं नाही. आणि गंमत (गंमत तरी कशी म्हणू?) बघा, चाचणीनंतर चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर्डने आपला नवा तोकडा स्विमसूट लोकांसमोर आणला आणि त्याला नाव दिलं 'बिकिनी'.

चेहरा रिटाचा, पण तो कुठे चिकटवायचा हे ठरवणारे दुसरेच. मला वाटतं, भाचीच्या प्रश्नाची नस इथेच आहे.

आता माझी सर्वांत लाडकी, बेटी पेज. जन्म १९२३, नॅशव्हिल. कॉलेज शिकलेली मुलगी. न्यूयॉर्कला कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर तिला एक हौशी फोटोग्राफर भेटला, पेशाने पोलीस. कपाळावर केस कापून घे, हा सल्ला त्याचाच. ती काळीभोर झुलपं पुढे तिची ओळख झाली. बेटी आपले बरेचसे पोशाख स्वतः शिवायची. १९५४ मध्ये फ्लोरिडात बनी येगरने तिचे चित्त्यांबरोबर फोटो काढले, त्यातला ठिपकेदार पोशाखही तिनेच शिवलेला. बनी ही स्वतः आधी मॉडेल होती, मग कॅमेऱ्यामागे गेली. दोन बायकांनी मिळून केलेलं हे काम, आणि ते फोटोंत जाणवतंच. बेटी कुणासाठी तरी बसलेली वाटत नाही, मजेत खेळत असलेली वाटते.

१९५५ मध्ये सिनेटच्या एका समितीने अश्लील चित्रांची चौकशी लावली, तेव्हा बेटीलाही बोलावणं आलं. साक्ष झालीच नाही. १९५७ मध्ये तिने हे काम कायमचं सोडलं. मग धर्माकडे वळली, मोडलेली लग्नं, मानसिक आजार, कित्येक वर्षं इस्पितळात. आणि इकडे ऐंशीच्या दशकात तिची चित्रं पुन्हा जोरात खपत होती! कॉमिक्स, पोस्टरं, काय न काय. तिला ना पत्ता होता, ना पैसा. हक्काचे पैसे मिळायला नव्वदचं दशक उजाडलं.

आपल्याकडेही हे सगळं घडत होतंच. १९३८ सालच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या, तो गहजब आजी-आजोबांच्या पिढीने चवीने सांगितला आहे. मग आल्या बेगम पारा. पहिला सिनेमा 'चांद', १९४४, आपल्या पुण्याच्या प्रभातचा. १९५१ मध्ये 'लाइफ'च्या जेम्स बर्कने त्यांचे फोटो काढले. पांढरी साडी, हातात सिगारेट आणि नजर थेट तुमच्यावर. माझ्या मते ग्रेबलबाईंपेक्षा कांकणभर सरसच!

योगायोग असा की बेटी पेज आणि बेगम पारा, दोघी डिसेंबर २००८ मध्ये एकाच आठवड्यात गेल्या. म्हातारपणी बेटी मुलाखती द्यायची, पण चेहऱ्याचा फोटो काढू देत नसे. लोकांनी मला तशीच आठवावं, असं तिचं म्हणणं. बेगम पारा मात्र २००७ च्या 'सावरिया'त आजी होऊन सुरकुत्यांसकट कॅमेऱ्यासमोर बसल्या. कोण बरोबर? दोघीही, असं मला वाटतं. कारण या वेळी ठरवणाऱ्या त्या स्वतः होत्या.

तर भाचीबाई, त्यांना काय मिळालं? मिळायला हवं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि बहुधा उशिरा. हे कळल्यावर चित्रं आवडायची थांबली का? नाही. पण आता बघताना मी आधी शोधते, यात त्या बाईचा स्वतःचा हात कुठे दिसतोय का. बेटीचा तो ठिपकेदार पोशाख म्हणूनच माझ्या भिंतीवर आहे.

असो. कुणाच्या माळ्यावर जुनी फिल्मी मासिकं किंवा कॅलेंडरं पडली असतील तर रद्दीत घालू नका, आधी मला कळवा!