नोकरकपात झाली तर कायद्याने किती पैसे मिळतात?

10 वर्षं एकाच कंपनीत काम केलेला 35 वर्षांचा कर्मचारी. कंपनीने त्याचं पदच रद्द केलं तर हातात काय पडेल? ते देशावर ठरतं.

अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार एक डॉलरही द्यावा लागत नाही. 1988च्या 'वॉर्न' कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना सामूहिक कपातीआधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते, एवढंच. ब्रिटनमध्ये या वयोगटाला दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार, म्हणजे 10 आठवड्यांचा. त्यातही आठवड्याच्या पगारावर सरकारी मर्यादा आहे.

भारतात मात्र दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे साधारण 5 महिन्यांचा. कागदावर ब्रिटनच्या दुप्पट!

खरी मेख 'कामगार' या शब्दात आहे. ही भरपाई फक्त कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारालाच मिळते, व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी ऑफर लेटरमध्ये लिहिलंय तेवढंच. अर्थात नुसतं 'मॅनेजर' हे पदनाव पुरत नाही. प्रत्यक्ष काम काय होतं, हे कोर्ट बघतं.

आणि एचआरने पुढे केलेल्या राजीनाम्यावर सही केली, तर कागदोपत्री ती कपात राहतच नाही. मग भरपाईचा दावा अवघड होतो. ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र राजीनाम्याने जात नाही.