धुक्याचे पाणी कोणाच्या मालकीचे?

हवेतून पिण्याचे पाणी काढले की टंचाई मिटेल, असे हल्ली मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी चिलीतल्या चुंगुंगो गावाचा इतिहास वाचलेला नसावा.

उत्तर चिलीच्या किनाऱ्यावर पाऊस नावापुरता पडतो, पण समुद्रावरून येणारे दाट धुके डोंगरांना थडकते. चुंगुंगो हे तिथले तीनेकशे वस्तीचे मासेमारांचे गाव. पाणी टँकरने यायचे, महाग आणि अपुरे. गावामागच्या एल तोफो डोंगरावर लोखंडाची बंद पडलेली खाण होती. १९८७ पासून तिथे कॅनडाच्या सरकारी निधीतून जाळ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे रोपवाटिकेवर शेडनेट असते, साधारण तसलीच. एकेक जाळी १२ मीटर लांब, ४ मीटर उंच. धुक्याचे थेंब धाग्यांना चिकटतात, मोठे होतात आणि खालच्या पन्हळीत गळतात. विजेची गरज नाही. १९९२ मध्ये हे पाणी नळाने गावात पोहोचले, दिवसाला सरासरी १५ हजार लिटर. लोकांनी परसात भाजीपाला लावला, गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

पुढच्या दहा-बारा वर्षांत जाळ्या मोडकळीस आल्या आणि पुन्हा टँकर सुरू झाला.

दोष धुक्याचा नव्हता. वस्ती वाढली, पाणी पुरेना. वाऱ्याने फाटलेली जाळी कोणी दुरुस्त करायची, खर्च कोणी उचलायचा, याची पक्की घडी बसलीच नाही. स्थानिक अधिकाऱ्यांनी योजना आपली मानली नाही. गावाला हवी होती नेहमीची, खात्रीची नळयोजना. यासाठी गावकऱ्यांना बोल लावणे सोपे आहे, आम्ही लावणार नाही. शहराला मिळते तसे पाणी मागणे हा काही लोभ नव्हे. महाडच्या चवदार तळ्यात १९२७ साली पाणी होतेच, अस्पृश्यांना ते घेऊ दिले जात नव्हते. त्यामुळे पाणी किती, याआधी ते कोणाच्या हाती, हे विचारायची आम्हाला सवय आहे.

तोच प्रश्न मुंबईतही विचारला पाहिजे. २०२२ मध्ये मध्य रेल्वेने काही स्थानकांवर हवेतून पाणी बनवणारी यंत्रे बसवण्याचा परवाना एका खासगी कंपनीला दिला. इथे जाळी नाही. यंत्र विजेवर हवा थंड करते, बाष्पाचे पाणी होते आणि ते प्रवाशाला विकत घ्यावे लागते. मुंबईची हवा दमट, म्हणून तिथे हे जमते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरपुढे रांगा लागतात, तेव्हा हवा कोरडी असते, आणि नेमके तेव्हाच हे यंत्र जास्त वीज खाऊन कमी पाणी देते.