विलोमविधी

अंतिम उत्तर व त्यापर्यंत नेणाऱ्या क्रिया ठाऊक असता, त्या उलट क्रमाने करीत मूळ संख्या शोधण्याची प्राचीन भारतीय गणितातील रीत. हिला व्यस्तविधी असेही म्हणतात. आधुनिक बीजगणितात व्यस्त फलन काढतात, ते याच तत्त्वाने. पहिल्या आर्यभटांच्या *आर्यभटीय* (इ. स. ४९९) या ग्रंथात तिचा नियम आढळतो, भास्कराचार्यांनी *लीलावती*त (११५०) तो विस्ताराने मांडला.

बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ घ्यावे आणि शेवटची क्रिया प्रथम उलटवावी, हा नियमाचा गाभा. संख्येत तिचाच एखादा भाग मिळविलेला असेल, तेथे मात्र नवशिका हमखास चुकतो. एखाद्या संख्येत तिचा ३/४ भाग मिळविला असेल, तर आलेल्या बेरजेतून तिचा ३/४ भाग वजा करून मूळ संख्या मिळत नाही. अशा वेळी छेदात अंश मिळवून तो नवा छेद मानावा व अंश तसाच ठेवावा, असे भास्कराचार्य सांगतात. म्हणजे ३/७ भाग वजा करावा लागतो. भाग वजा केलेला असल्यास छेदातून अंश वजा करावा. त्यामुळे १/३ भाग घटविलेल्या संख्येत १/२ भाग मिळवावा लागतो.

*लीलावती*तील प्रसिद्ध उदाहरणात एका संख्येला ३ ने गुणून गुणाकारात त्याचा ३/४ भाग मिळविला आहे. नंतर ७ ने भागून, भागाकाराचा १/३ भाग वजा करून, बाकीचा वर्ग केला आहे. त्यातून ५२ वजा करून वर्गमूळ घेतले, ८ मिळविले व १० ने भागले, की २ उरतात. उलट जाता २०, १२, १४४, १९६, १४, २१, १४७, ८४ या पायऱ्यांनी २८ हे उत्तर येते.

परंतु १९६ चे वर्गमूळ −१४ ही आहे व ते घेतल्यास −२८ मिळते. तेही अटी पुऱ्या करते. दोन भिन्न संख्यांचा वर्ग एकच असल्याने वर्गक्रियेचे व्यस्त फलन निर्बंधावाचून संभवत नाही. धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे भास्कराचार्यांनीच *बीजगणित* या ग्रंथात नमूद केले आहे. तथापि व्यवहारातील उदाहरणांत ऋण राशी लोकांना पटत नाही, असेही ते तेथेच म्हणतात. *लीलावती*त उत्तर एकच आहे.

त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने पाटण (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथे मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दिलेल्या दानाचा तेथील शिलालेख (१२०७) भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख मुख्यतः संस्कृतात असून दानाच्या तपशिलाचा अखेरचा भाग मराठीत आहे.