कोंबडखत आणि पालेभाज्यांची सुरक्षितता

कोंबड्यांची विष्ठा, सांडलेले खाद्य, पिसे आणि शेडमधील गादी (बहुधा भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा) यांपासून मिळणारे खत. यात नत्र सुमारे 3 टक्के, तर शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. पानांसाठीच घेतल्या जाणाऱ्या पालक, माठ, मेथी, कोथिंबीर या पिकांना ते चटकन लागू पडते ते यामुळेच.

कच्च्या कोंबडखतात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोटाच्या विकारांचे जंतू असू शकतात. पालेभाजी जमिनीपासून वीतभर उंचीची. झारीचे पाणी मातीवर आपटले की शिंतोडे पानांच्या खालच्या बाजूला बसतात. किनाऱ्याच्या वाळूतली बारीक मेथी तर मुळासकटच जुडीत बांधली जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मुद्दाम जंतू मिसळलेले खत घालून केलेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साल्मोनेला सॅलडपानांच्या वाफ्यातील मातीत 161 दिवस आणि पार्सलीच्या वाफ्यात 231 दिवस टिकला.

अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमानुसार खाण्याचा भाग मातीला लागत असेल, तर कच्चे खत आणि काढणी यांत निदान 120 दिवसांचे अंतर हवे. माठ महिन्याभरात निघतो, मेथीही तशीच. म्हणजे चालू पिकाला कच्चे खत घालून हा नियम पाळणे शक्यच नाही. पाम, बोईसर, तारापूर हा पालघर तालुक्यातील पट्टा भाताचा. तिथे खत चिखलणीपूर्वी दिले आणि भाजी भातकापणीनंतर केली, तर अंतर आपोआप मिळते. पण कोकणच्या पावसात त्यातले बरेच नत्र वाहून विहिरी-खाडीत उतरते. म्हणून खत आधी कुजवणे हाच खरा उपाय.

नुसते कोंबडखत नीट कुजत नाही, अमोनियाचा उग्र वास सुटतो. त्यात भाताचा पेंढा मिसळावा. ओल इतकीच, की मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटेल. राशीच्या गाभ्यात 55 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता 15 दिवस टिकावी आणि तेवढ्या काळात रास पाच वेळा पालटावी. पालटणे टाळले, तर बाहेरचा थर थंडच राहतो आणि जंतू तिथे जगतात. तयार खत कच्च्या ढिगापासून दूर, झाकून ठेवावे.

कुजवल्याने खाद्यातून आलेले तांबे व जस्त मात्र जात नाही. वर्षानुवर्षे त्याच वाफ्यात खत पडले तर ते साठत जाते. प्रतिजैविकांचे अंशही पूर्ण नाहीसे होतील याची खात्री नसते. कोलिस्टिन या औषधाचा कुक्कुटपालनातील वापर भारताने 2019 मध्ये बंद केला, तो माणसावरील उपचारांत ते निकामी ठरू नये यासाठी. बर्ड फ्लूची साथ असलेल्या शेडमधले खत शेतात नेऊच नये. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला पहिला उद्रेक झाला. हा विषाणू विष्ठेत 4 अंश तापमानाला 35 दिवसही टिकतो.

वाहत्या पाण्यात धुतल्याने माती जाते, सगळे जंतू जात नाहीत. नीट शिजवलेल्या माठाची चिंता नसते. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला कच्चाच खाल्ला जातो. या वाफ्यांना न कुजलेले कोंबडखत मुळीच देऊ नये.