फुलराणीचा बाजार

पुलंची 'ती फुलराणी' आवडणाऱ्या माणसाला कंपनीने लंडनला ऑनसाईट पाठवलं, तर पहिल्या रविवारी तो कुठे जाईल? मी कॉव्हेंट गार्डनला गेलो. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची सुरुवात होते ते सेंट पॉल चर्चचं खांबांचं पोर्च तिथे अजून उभं आहे. पुलंची मंजुळा मूळची इथली. फुलवाली अर्थातच कुठे दिसली नाही. फळं, भाजी आणि फुलांचा घाऊक बाजार १९७४ मध्येच थेम्सपलीकडे नाइन एल्म्सला हलला. (पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ती फुलराणी' मराठी रंगभूमीवर आली!)

बाजाराच्या जुन्या इमारतीत आता चकचकीत दुकानं आहेत. एक कप कॉफी घेतली, मनातल्या मनात रुपयात हिशोब केला आणि पस्तावलो. तेवढ्यात पुण्याहून काकांचा फोन. पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरतंय, कागद मेल केलेत, सही करून पाठव.

कागद तसेच ठेवले आणि आधी या जागेचा इतिहास वाचत बसलो. (सही टाळायला इतिहासासारखं साधन नाही.)

तर झालं असं. बाजार हलणार हे १९६० च्या दशकातच ठरलं होतं. मग रिकाम्या होणाऱ्या जागेचं आणि आजूबाजूच्या मोहल्ल्याचं काय करायचं? ग्रेटर लंडन कौन्सिलने १९६८ मध्ये आराखडा मांडला. निम्म्याहून जास्त इमारती पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हॉटेलं, ऑफिसं आणि एक मोठं कॉन्फरन्स सेंटर बांधायचं. प्लॅनिंगवाले काही खलनायक नव्हते. त्या काळी जगभर 'आधुनिक शहर' म्हणजे हेच समजलं जायचं.

पण त्या नकाशावर माणसं राहत होती. साधारण तीन हजार. छापखान्यातले कामगार, बाजारातले हमाल, नाटकाच्या थिएटरांत पडद्यामागे काम करणारे. बहुतेक सगळे भाडेकरू. १९७१ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली. मदतीला आला जिम मोनाहन नावाचा आर्किटेक्चरचा विद्यार्थी, आणि गंमत म्हणजे ब्रायन अॅन्सन, जो कौन्सिलच्याच प्लॅनिंग टीममध्ये होता! आपणच काढलेल्या नकाशाविरुद्ध उभं राहायला काय लागत असेल, याचा विचार करून बघा. आपल्याला साध्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये 'माझं चुकलं' म्हणताना घाम फुटतो.

त्याच वर्षी सार्वजनिक चौकशी झाली. रहिवाशांनी आपलं म्हणणं मांडलं, पण चौकशीचा कौल मोटामोटी आराखड्याच्या बाजूने गेला. १९७२ मध्ये मात्र या योजनेच्या समितीच्या अध्यक्ष लेडी डार्टमथ यांनीच राजीनामा दिला. लोकांमधून योजनेला कुणाचाच पाठिंबा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. (याच बाई पुढे प्रिन्सेस डायनाच्या सावत्र आई झाल्या.)

खरी कलाटणी १९७३ च्या जानेवारीत. मंत्री जेफ्री रिपन यांनी आराखड्याला तत्त्वतः मान्यता दिली, आणि त्याच वेळी त्या भागातल्या अडीचशेच्या आसपास इमारती वारसा यादीत टाकल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर, प्रोजेक्ट अप्रूव्ह केला आणि मधल्या अडीचशे फाइल्स रीड-ओन्ली करून टाकल्या. आता करा काय रिलीज करायचं ते! योजना कागदावर जिवंत राहिली आणि जमिनीवर मेली. पुढे नवा आराखडा झाला आणि १९८० मध्ये बाजाराची इमारत दुरुस्त होऊन दुकानांसाठी उघडली.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मला अडलं ते पुढे. वारसा यादीने दगड-विटा वाचवल्या. भाडं वाचवणं तिच्या हातात नव्हतं. परिसर सुंदर झाला, पर्यटक आले, भाडी चढली आणि रोजच्या गरजेची छोटी दुकानं एकेक करून गेली. माझी ती महागडी कॉफी याच इतिहासाचा भाग आहे.

रहिवाशांना हा धोका दिसत होता. म्हणून ते नुसतं 'इमारती वाचवा' म्हणत नव्हते, 'आम्हाला इथेच घरं द्या' म्हणत होते. लाँग एकरवर ओडहॅम्सचा जुना छापखाना होता. त्या जागी कौन्सिलने १०२ घरं बांधली, ओडहॅम्स वॉक नावाची. मी बघून आलो. विटांचे जिने, गच्च्यांवर कुंड्या, दोरीवर वाळणारे कपडे. गाईडबुकात असली ठिकाणं नसतात. पण त्या लढ्याचं खरं स्मारक बाजारापेक्षा हेच आहे, असं मला वाटलं.

रात्री काकांचे कागद उघडले. पानंच्या पानं. कुणाला किती स्क्वेअर फूट, पार्किंग किती, बाल्कनी कुठे. आमच्या वाड्यात चार भाडेकरू आहेत. मागच्या खोलीतल्या काकूंनी मला लहानपणी शाळेत सोडलंय, आजीच्या शेवटच्या दुखण्यात रात्री जागवल्यात. त्यांचं नाव मी कंट्रोल-एफ करून शोधलं.

शून्य रिझल्ट्स.

आमचा वाडा काही वारसा यादीत जाणार नाही. तुळया वाळवीने पोखरल्यात, तो उतरवावा लागेल हे मलाही कळतं. पण सही करायच्या आधी काकांना उलट मेल टाकलाय, एकाच ओळीचा: "काकूंची खोली कुठल्या मजल्यावर?"

अजून उत्तर नाही. तोवर सही पण नाही.