बाळंतिणीचें विसरलेलें दुखणें

तहनामे, लढाया आणि राजांच्या वंशावळ्या शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें वैद्यकाच्या प्रांतांत पाऊल टाकावें हें कित्येकांस आगाऊपणाचें वाटेल. परंतु रोगांनाहि इतिहास असतो. ते कोणाला कोठें गांठतात, कोणाच्या दुखण्याला नांव मिळतें आणि कोणाचें निनांवी राहतें, यांत त्या त्या समाजाचें चित्र उमटलेलें असतें. प्रस्तुत लेखांत अशाच एका रोगाची हकीकत सांगावयाची आहे. तिचा आरंभ युरोपांतील शवागारांत होतो, आणि तिचा धागा आपल्या सातपुड्याच्या कुशींतील पाड्यांपर्यंत येऊन पोंचतो.

मेंदूच्या तळाशीं, हाडाच्या एका लहानशा खोबणींत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथि असते. इंग्रजींत तिला पिट्यूटरी म्हणतात. मराठींत पोषग्रंथि हें नांव रूढ झालें आहे. तिचें वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. गेलन या प्राचीन वैद्यापासून चालत आलेली समजूत अशी होती कीं, मेंदूंतील कफ या वाटेनें नाकांत उतरतो. पिट्यूटरी या शब्दाच्या मुळाशीं कफवाचक लॅटिन शब्दच आहे. ज्या ग्रंथीच्या हुकमावर शरीराचा निम्मा कारभार चालतो, तिला शतकानुशतकें पडशाची पन्हळ समजण्यांत आलें! मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथींचें दैवहि याहून फारसें बरें नव्हतें. सोळाव्या शतकांत युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन केलें. पण त्या कशासाठीं आहेत हें कोणास उमगेना. फ्रान्समधील बोर्दो येथील विद्वत्सभेनें १७१६ सालीं या प्रश्नावर निबंधस्पर्धा लावली. परीक्षणाचें काम मोंतेस्क्यू या विख्यात ग्रंथकाराकडे आलें, आणि एकहि निबंध बक्षिसास पात्र ठरला नाहीं.

उत्तर मिळालें तें रुग्णांच्या खाटेपाशीं. लंडनच्या गाय रुग्णालयांतील टॉमस ॲडिसन यानें १८५५ सालीं अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या अंगीं विलक्षण अशक्तता होती, अन्नावरील वासना उडालेली होती, आणि कातडी काळवंडत चालली होती. मरणोत्तर तपासणींत दोष सांपडला तो अधिवृक्क ग्रंथींत. कित्येकांच्या ग्रंथी क्षयानें पोखरलेल्या होत्या. पुढच्याच वर्षीं ब्राउन-सेकार यानें प्रयोग करून दाखविलें कीं, या ग्रंथी काढून टाकल्यास प्राणी जगत नाहीं. १८८६ सालीं पॅरिसमध्यें प्येर मारी यानें हातपाय व जबडा बेसुमार वाढणाऱ्या एका रोगाचें वर्णन केलें, आणि त्याचा संबंध पोषग्रंथीच्या वाढीशीं आहे हें पुढें सिद्ध झालें.

हेंच १८८६ सालीं आपल्याकडेहि संस्मरणीय आहे. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, आणि त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. आनंदीबाईंनीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता हिंदु आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. विषयाची निवड पुस्तकी नव्हती. चौदाव्या वर्षीं त्यांस मूल झालें होतें, आणि तें दहा दिवसांत गेलें होतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्यांचें पुण्यास क्षयानें निधन झालें, तेव्हां त्यांचें वय पुरतें बावीसहि नव्हतें. पॅरिसच्या पंडिताची पोषग्रंथि आणि आपल्या आनंदीबाईंचें बाळंतपण यांचा परस्परांशीं संबंध असेल, हें त्या वर्षीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें. तो संबंध जुळण्यास आणखी पन्नास वर्षें जावीं लागलीं.

१९१३ सालीं क्रॅको येथें ग्लिन्स्की यानें, आणि १९१४ सालीं हॅम्बुर्ग येथें मॉरिस सिमंड्स यानें पोषग्रंथि नष्ट झालेल्या स्त्रियांचीं वर्णनें दिलीं. सिमंड्सची रुग्ण मरणसमयीं शेहेचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षांपूर्वीं एका बाळंतपणांत ती मोठ्या संकटांतून वांचली होती. त्यानंतर तिचा ऋतु बंद झाला, अंग क्षीण होत गेलें, आणि शेवटीं बेशुद्धींतच तिचा अंत झाला. परंतु या सर्व हकीकतींचें मर्म उलगडलें तें हॅरल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञानें. ग्लासगोच्या प्रसूतिरुग्णालयांत मृत झालेल्या मातांचीं शरीरें तो तपासीत असे. ज्यांना प्रसूतीच्या वेळीं अतोनात रक्तस्राव झाला होता, त्यांच्या पोषग्रंथीचा पुढचा खंड निर्जीव झालेला त्यास आढळला. १९३७ सालीं त्यानें हें निरीक्षण प्रसिद्ध केलें, आणि पुढें त्या रोगास त्याचेंच नांव मिळालें.

कारणमीमांसा समजण्यास अवघड नाहीं. गरोदरपणांत मातेची पोषग्रंथि वाढते, कारण तिला दुधाची तयारी करावयाची असते. तिच्या पुढच्या खंडाला मिळणारें रक्त मात्र मुख्यतः मंद दाबाच्या शिरांमधून येतें. भूक वाढलेली आणि शिधा तुटपुंजा, अशी ती स्थिति. अशा वेळीं रक्तस्राव होऊन दाब एकाएकीं कोसळला, तर उपासमार प्रथम याच खंडाची होते. कांहीं तासांत पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी पुन्हां उगवत नाहींत. माता वांचते, सुईण देवाचे आभार मानते, घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि खरें दुखणें त्या क्षणापासून सुरू होतें.

पहिली खूण म्हणजे बाळंतिणीला दूध येत नाहीं. मग ऋतु परत सुरू होत नाहीं. केंस गळतात, कातडी फिकट व सुरकुतलेली होते, थंडी सोसवत नाहीं, उठून पाण्याची घागर आणणें डोंगर उचलण्यासारखें वाटतें. पोषग्रंथीचा हुकूम येईनासा झाल्यानें अधिवृक्क ग्रंथीहि मंदावतात. त्यामुळें साधा ताप किंवा जुलाब झाला तरी रक्तांतील साखर व क्षार घसरून ती बेशुद्ध पडूं शकते. हें सर्व एका दिवसांत घडत नाहीं. पुष्कळदां निदान होईपर्यंत दहा-पंधरा वर्षें लोटतात. तेवढ्या अवधींत घर तिला काय म्हणतें? आळशी म्हणतें, वांझोटी म्हणतें, कोणी बाहेरची बाधा झाली म्हणतें. वाचकांनीं क्षणभर आपल्याच घरच्या जुन्या गोष्टी आठवून पाहाव्या. एका बाळंतपणानंतर जिची कूस पुन्हां उजवली नाहीं, जी ऐन तारुण्यांत म्हातारी दिसूं लागली आणि माजघराच्या कोपऱ्यांत गोधडी पांघरून बसून राहिली, अशी एखादी आत्या वा चुलती पुष्कळांच्या कुळांत होऊन गेली असेल. तिच्या कपाळीं लागलेला आळसाचा शिक्का आपण कधीं तपासून पाहिला काय?

दैवदुर्विलास असा कीं, ज्या काळांत या रोगाचें कारण कळलें, त्याच्या मागोमाग उपायहि हातीं आला. केंडॉल, राइखस्टाइन व हेंच या तिघांनीं अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावांचा छडा लावला. सप्टेंबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील मेयो रुग्णालयांत कॉर्टिझोन प्रथम एका संधिवाताच्या रुग्णास टोंचण्यांत आलें, आणि १९५० सालीं त्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज शीहानच्या रोगावर मुख्य उपचार म्हणजे त्याच जातीच्या स्रावाची आणि कंठग्रंथीच्या स्रावाची रोजची गोळी. औषधें महाग नाहींत. फक्त एवढें जपावें लागतें कीं, अधिवृक्काच्या स्रावाची गोळी आधीं सुरू झाली पाहिजे. तसें न करतां केवळ कंठग्रंथीची गोळी दिली, तर रुग्ण अधिकच संकटांत सांपडतो. मुंबईस परळ येथें १९२६ सालीं सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयांत पोषग्रंथि व अधिवृक्क यांच्या रोगांवर अनेक वर्षें संशोधन चालत आलें आहे. म्हणजे विद्या आपल्या प्रांतांत आहे. अडचण आहे ती विद्येपासून पाड्यापर्यंतच्या अंतराची.

श्रीमंत देशांत हा रोग आतां दुर्मिळ झाला आहे, कारण तेथें रक्त वेळेवर मिळतें. आपल्या देशांत तो किती असावा याची कल्पना काश्मीरमधील एका पाहणीवरून येते. श्रीनगरच्या डॉ. अब्दुल हमीद झरगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या या पाहणींत, वीस वर्षांवरील प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकीं सुमारें शेंकडा ३ जणींना हा रोग असावा असा अंदाज निघाला. आणि बाधित स्त्रियांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश घरींच बाळंत झालेल्या होत्या. डोंगर, घरचें बाळंतपण आणि दूरचा दवाखाना या तिन्ही गोष्टी आपल्या नंदुरबार जिल्ह्यास परक्या नाहींत. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें, शेंकडा ६९ लोक आदिवासी आहेत. अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळींत घालून पायवाटेनें खालीं आणावें लागलें आहे. नर्मदेच्या कांठच्या गांवांसाठीं तर दवाखानाच बोटींत घालून पाण्यावरून न्यावा लागला. त्यांतच येथील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो, आणि पंडुरोगानें आधींच क्षीण झालेल्या बाईला थोडाहि रक्तस्राव भारी पडतो. झोळींतून उतरून जी माता जिवंत घरीं परतते, तिची गणना वांचलेल्यांत होते. मातृमृत्यूच्या कोष्टकांत तिला जागा नसते. आणि कोष्टकाबाहेर पडलेल्या माणसाची विचारपूस कोण करणार?

तथापि या इतिहासांत एक योगायोग असा आहे कीं, तो सांगितल्याविना लेखणी ठेववत नाहीं. पोषग्रंथीला मागचाहि एक खंड असतो, आणि बहुधा तो या आपत्तींतून बचावतो. १९०६ सालीं हेन्री डेल यास आढळलें कीं, या मागच्या खंडाचा अर्क गर्भाशयाचें आकुंचन घडवून आणतो. १९५३ सालीं व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यानें त्यांतील ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेंत बनविलें, आणि १९५५ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. बाळ जन्मतांच मातेला या औषधाची एक सुई टोंचली, तर गर्भाशय आवळतें आणि रक्तस्राव बराच आटोक्यांत राहतो. म्हणजे पुढच्या खंडाला मरणापासून राखण्याचें साधन निसर्गानें मागच्याच खंडांत ठेविलें आहे!

परंतु ही सुई थंडाव्यांत, २ ते ८ अंशांच्या दरम्यान, ठेवावी लागते, आणि ज्या वस्तींत विजेचा भरंवसा नाहीं तेथें शीतपेटीचा काय भरंवसा? या अडचणीवर महत्त्वाचें संशोधन झालें तें आपल्या शेजारीं, बेळगांव जिल्ह्यांतील खेड्यांत. तेथें १,६२० प्रसूत स्त्रियांवर, परिचारिकांच्या हस्तें, मिझोप्रोस्टॉल या उष्णतेंत टिकणाऱ्या गोळीची कसोटी घेण्यांत आली. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. अतिरक्तस्रावाचें प्रमाण शेंकडा १२ होतें, तें शेंकडा ६.४ वर आलें. २००६ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. प्रत्येक अठरा स्त्रियांमागें एकीचा रक्तस्राव टळला, असा त्याचा हिशेब आहे. पुढें २०१८ सालीं, भारत धरून दहा देशांतील सुमारें तीस हजार स्त्रियांवर, उष्णता सोसणाऱ्या कार्बेटोसिन या सुईचीहि कसोटी यशस्वी झाली.

साधनें सिद्ध झालीं. आतां प्रश्न उरला तो आधींच रक्त गमावून बसलेल्या स्त्रियांचा. त्यांच्यासाठीं मोठ्या यंत्राची गरज प्रथम नाहीं. वर्षानुवर्षें थकलेली बाई दवाखान्यांत आली, तर तिला तीन प्रश्न विचारणें पुरे: शेवटच्या बाळंतपणांत रक्त फार गेलें होतें काय? बाळाला अंगावर पाजतां आलें काय? त्यानंतर ऋतु आला काय? हे प्रश्न भिल्लीत विचारावे, पावरीत विचारावे, आणि शक्य तर बाईनेंच बाईला विचारावे. उत्तरें जुळलीं, तर रक्ताची तपासणी व रोजच्या गोळ्या यांनीं तिचें उरलेलें आयुष्य तिला परत देतां येतें.

आनंदीबाईंनीं समुद्र ओलांडला तो आपल्या देशभगिनींना हे प्रश्न विचारणारें कोणी असावें म्हणून. त्या गोष्टीस शंभर वर्षें केव्हांच उलटून गेलीं. समुद्र ओलांडून झाला. तोरणमाळचा घाट अजून ओलांडावयाचा आहे.